बिल्ला आणि पाण्याची बाटली

किल्ला बघायला आलेल्या प्रत्येकाला गाईडकाका आधी फाटकातच फैलावर घेत. "टोपी कुठंय? सैल सुती घालायचं सोडून हे काळंकुट्ट काय चढवलंय? मोजे आणलेत का? वर दरबारात चपला काढाव्या लागतात, फरशी नुसती भाजते. आणि माणशी दोन बाटल्या पाणी, मीठ-साखर घातलेलं!" एकतीस वर्षं हीच यादी, तोंडपाठ.

आणि स्वतः? छातीवर पितळी बिल्ला, हातात काठी, संपलं! पाहुण्यांसमोर गाईडने पाणी प्यायचं नाही, असा तिथल्या सगळ्याच गाईडांचा शिरस्ता. गाईड प्यायला की पाहुण्यांना वाटतं हा दमला, मग तेही तिथंच बसकण मारतात. काय ती ऐट!

यंदा कार्यालयाने फर्मान काढलं. साठीच्या पुढच्या गाईडने साहेबांना माहिती सांगत तीनशे दहा पायऱ्या चढून दाखवायच्या, नाही तर बिल्ला जमा. बिल्ल्याशिवाय फाटकातून आत सोडत नाहीत, आणि किल्ल्याशिवाय या माणसाला दुसरं काही येत नव्हतं.

चाचणीच्या आदल्या दिवशी कार्यालयाच्या नव्या साहेबांनी विचारलं, "काका, उद्या सोबत काय काय घेऊ?" काकांनी अख्खी यादी ऐकवली.

सकाळी काकूंनी पिशवी भरली. टोपी, ओला पंचा, पाण्याची बाटली. "अहो, तिथं हट्ट करू नका. मधूनमधून प्या."

"हो गं बाई, हो."

साहेब डोक्यावर टोपी घालून, प्रत्येक वळणावर घोट घेत चढत होते. काकांनी दोनशे पायऱ्या तोफा, तट, चोरवाटा सांगत झोकात काढल्या. मग जीभ टाळूला चिकटायला लागली. साहेब म्हणाले, "पाणी घ्या ना, काका."

"छे छे, मला सवय आहे."

कसली सवय नि कसलं काय! पिशवी खांद्यालाच होती. आणखी वीस पायऱ्या, आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन काका खाली बसले ते उठलेच नाहीत. साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने स्वतःच्या बाटलीतलं पाणी काकांच्या डोक्यावर ओतलं, चौघांना बोलावून खुर्चीतून खाली आणवलं. फाटकाशी मात्र त्याला बिल्ला काढून घ्यावाच लागला. काकांकडे न बघताच तो म्हणाला, "माझ्या हातात असतं तर..."

घरी काकूंनी पिशवी उघडली. पंचा घडी न मोडता वाळून गेलेला, बाटली गळ्यापर्यंत भरलेली.

"अहो, दोन घोट प्यायला काय झालं होतं?"

"साहेब बघत होते ना गं."

काकूंना चीड आली आणि रडूही आलं. त्यांनी झाकण काढून बाटली काकांच्या हातात दिली. आता बघायला कुणी नव्हतं. काका घटाघटा सगळं पाणी प्यायले, आणि रिकामी बाटली मांडीवर धरून बसून राहिले.