आधी गावचं, मग बाहेरचं

रेशन दुकानातून एखाद्या बाईला रिकाम्या पिशवीनं परत पाठवलं, तेव्हा तुम्ही कधी रांगेत होतात का? आणि तेव्हा काय बोललात?

कुरकुंभजवळच्या एका गावात त्या दिवशी सगळी रांग गप्प होती. मी पुरवठा निरीक्षक, म्हणजे रेशन दुकानं तपासणारी. समोर रेखादेवी. मूळची बिहारची, नवरा केमिकल कंपनीत शिफ्टला. घरातलं पीठ संपलेलं, आणि दुकानात ही तिसरी खेप.

"तात्या, हिला का देत नाही?" मी दुकानदाराला विचारलं.

"मॅडम, आपल्यात आधी गावचं वाटप. उरलं तर बाहेरच्यांना."

"उरतं कधी?"

"न्हाई उरत. त्याला मी काय करू?"

रांग हसली.

नियम साधा आहे. कार्ड देशातलं कुठलंही असो, मशीनवर अंगठा जुळला की कुठल्याही दुकानात धान्य मिळतं. याला पोर्टेबिलिटी म्हणतात. तात्यांनी तिचा अंगठा घेतलाच नव्हता.

मी नोटीस काढली. "परवाना सस्पेंड होईल."

"करा की. कुलूप लावतो. मग अख्खं गाव बसंल बोंबलत."

आता रांगेचा राग माझ्यावर, आणि माझ्यावरून रेखादेवीवर गेला. "छोड दीजिए मॅडम," ती पुटपुटली. तिला याच गावात राहायचं होतं.

पोत्याला टेकून बसलेले तात्यांचे वडील बोलले. "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडत हुतो. तवा अमेरिकेतनं लाल मिलो ज्वारी आली. भाकरी थापली की तुटायची. तरी खाल्ली. त्यांनी इचारलं का, तू कुठल्या गावचा?"

"आबा, ते सरकारी धान्य हुतं."

"आन् हे तुझ्या मळ्यातलं हाय व्हय?"

रांग पुन्हा हसली, पण यावेळी तात्यांना.

त्या काळी धान्य पाठवणारे देश अटीही पाठवायचे. पुढे आपलं पिकलं, रेशनला गहू-तांदूळ आला आणि इथली बाजरी ताटातून मागे सरली. कुणी काय खायचं, हे कायम दुसऱ्यानंच ठरवलंय. त्या दिवशी ते तात्या ठरवत होते.

"मॅडम, हिला दिलं तर गावाला कमी पडंल," ते हळूच म्हणाले. खरी भीती ही होती.

"मग जादा धान्याची मागणी टाका. तशी सोय आहे."

"हे कवा सांगितलं कुणी?"

सांगायचं काम माझंच होतं. मी नोटीस बॅगेत ठेवली आणि तिथंच त्यांची मागणी लिहून घेतली. रेखादेवीचा अंगठा पहिल्याच फटक्यात जुळला आणि तिची पिशवी भरली. पुढच्या महिन्यात जादा पोती आली, गावाला काही कमी पडलं नाही. बाहेरच्या कार्डांना उरेपर्यंत थांबवायचा आपला नियम तात्यांनी मोडला.

मी एवढंच शिकले, की नोटीस लिहायला पाच मिनिटं लागतात, नियम समजावायलाही तेवढीच.

तुमच्याकडून एक हवंय. तुमच्या दुकानात बाहेरचं कार्ड बघून कुणाला परत पाठवलं, तर रांगेत पुढे सरकू नका. "आधी यांचा अंगठा घ्या," एवढं मोठ्यानं म्हणा.