जुजुराणाच्या रानात

ही हकीकत मी सहा वर्षं टाळली. म्हणजे अर्धी सांगितली, आणि ती बरेचदा सांगितली. चंदीगडमधली आम्ही मराठी मंडळी दत्तजयंतीला जमतो, तेव्हा दरवर्षी कुणीतरी आग्रह करतं आणि मी धुक्याचा, त्या बाईचा आणि तिच्या कुत्र्याचा प्रसंग सांगतो. ऐकणारे हात जोडतात. पण त्याआधी मी काय केलं होतं, ते दरवेळी गाळतो. आता मी शहात्तर वर्षांचा आहे. कृपा झाली ते सांगायचं आणि ती कशावर पांघरूण घालून सांगतो ते लपवायचं, हे आता पुरे.

मूळचे आम्ही सांगलीकडचे. हवाई दलातली नोकरी संपल्यावर इथेच राहिलो, कारण मुलगा मोहालीत नोकरीला लागला होता. घरात दत्ताची उपासना जुनी, पण माझ्या बाजूने ती गुरुवारच्या आरतीपलीकडे कधी गेली नाही. पक्ष्यांचा नाद मात्र मला आणि सुमनला, माझ्या पत्नीला, सारखाच. हिवाळ्यात सुखना तलाव, आणि एप्रिल उजाडला की स्वतःची गाडी काढून हिमाचलच्या आतल्या दऱ्या. वही ती लिहायची, गाडी मी चालवायचो. त्या वहीत एक नाव सारखं राहून जात होतं: जुजुराणा. लाल मान, अंगभर पांढरे ठिपके. उंचावरच्या दाट रानात राहणारा हा मोठा पक्षी क्वचितच दिसतो. पहाडी लोक त्याला पक्ष्यांचा राजा म्हणतात.

त्या वर्षी आम्हाला तेजराम नावाचा वाटाड्या मिळाला. चाळिशीचा, कमी बोलणारा. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं, "बाबूजी, अंडों का टाइम है. मोबाइल से आवाज़ नहीं बजानी." पक्षी बघणाऱ्या प्रत्येकाला हा मोह माहीत असतो. नराची ध्वनिमुद्रित साद वाजवली की खरा नर, दुसरा कोणी घुसला असं समजून, घरटं सोडून बाहेर येतो. विणीच्या दिवसांत असं करणं पाप आहे, हे मी स्वतः नवख्यांना शिकवलेलं होतं.

तीन पहाटा रिकाम्या गेल्या. चौथ्या दिवशी परतायचं होतं. वर चढून गेल्यावर सुमनला थोडी धाप लागली. ती दगडावर बसली आणि मला ती संधी दिसली. मी तेजरामला बाजूला घेऊन म्हटलं, "माताजी की दवाई गाडी में रह गई." जायला-यायला दोन तास लागणार होते. तो म्हणाला, "आप यहीं बैठना, हिलना मत," आणि पळतच उतरला. औषधाची डबी माझ्या जॅकेटच्या खिशात होती.

तो दिसेनासा झाल्यावर मी साद वाजवायला सुरुवात केली.

"अहो, हे काय चाललंय?" सुमन म्हणाली.

"एकदाच."

"एकदा वाजवून झालंय तुमचं. तेजरामला कळलं तर?"

"तो खाली आहे."

खोऱ्यातून खरंच उत्तर आलं. मी तिला उठवलं आणि आवाजाच्या दिशेने निघालो. साद चालूच ठेवून थोडं पुढे, आणखी थोडं पुढे. मग धुकं आलं. पहाडातलं धुकं उतरत नाही, ते खालून चढतं, आणि दोन मिनिटांत पायाखालचा दगडही दिसेना. नोकरीची सगळी वर्षं मी दिशा-अंतराच्या हिशेबात काढलेली, त्यामुळे मला खात्री होती. त्या खात्रीने मी तिला दीड तास फिरवलं. एक पडलेलं देवदाराचं झाड आम्हाला तिसऱ्यांदा भेटलं तेव्हा सुमन त्यावर बसली. ओठ पांढरे पडले होते. "मी आता उठत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला वाट माहीत आहे का, एवढं खरं सांगा."

मी म्हटलं, "नाही."

एवढ्या आयुष्यात तिला मी तो शब्द पहिल्यांदा म्हटला असेल. डबी काढून तिला गोळी दिली. तिने डबीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गोळी गिळली. मी तिच्याशेजारी बसलो आणि दत्ताचं नाव घेऊ लागलो. काही मागितलं नाही. मागायला तोंडच नव्हतं. आता तू नेशील तिकडे, एवढंच मनात होतं, आणि आश्चर्य म्हणजे त्यात भीती नव्हती.

धुक्यातून आधी एक काळा कुत्रा आला. माझ्या बुटांचा वास घेऊन तिथेच बसला. त्याच्यामागे पाठीवर टोपली घेतलेली, रानातल्या गुच्छी, म्हणजे महागडी अळंबी, वेचणारी एक बाई. तिला पाहून मी उठून पुढे झालो, तर तिने मला दंडाला धरून मागे ओढलं. "आगे कहाँ जा रहे थे? आगे तो कुछ है ही नहीं!" तिने एक दगड भिरकावला. तो पडल्याचा आवाज फार उशिरा आला.

मग तिने माझ्या हातातला मोबाइल पाहिला आणि हसायला लागली. "अच्छा, तो आप बोल रहे थे! राजा तो सुबह बोलकर चुप हो जाता है. मैंने सोचा, ये पागल कौन है जो बोले ही जा रहा है? फँस गया होगा बेचारा. छुड़ाने आई थी." आणि सुमनला म्हणाली, "माताजी, राजा को फोन करके कोई बुलाता है क्या?"

त्या अवस्थेतही सुमन हसली. मी पाप करत होतो, आणि त्याच आवाजाच्या मागावर आमची सुटका चालत आली होती. यावर मी काही वाद घालत नाही. जसं घडलं तसं सांगितलं. सुमनला आधार देत तिने आम्हाला खाली आणलं; गावाचं पहिलं घर दिसल्यावर ती बाई वळली आणि कुत्र्यासह पुन्हा वर गेली.

तेजराम संध्याकाळी आला. गाडीची किल्ली मीच त्याला दिली होती; त्याने सगळी गाडी उचकून पाहिली, मग धावत वर आला, आम्ही जागेवर नाही म्हणून दिवसभर रान पालथं घातलं. हात काट्यांनी फाटलेले. आम्हाला पाहून तो खाली बसला, आणि हात जोडून म्हणाला, "दवाई नहीं मिली, बाबूजी. माफ करना."

मी म्हटलं, "कोई बात नहीं."

गावात पोचल्यावर मुलाला आम्ही वाट चुकल्याचं कळवलं होतं; तेवढ्यात त्याचा फोन आला. "बाबा, गाइड कहाँ था यार? आईला असं कसं सोडलं त्याने?" मी म्हटलं, "गेला होता खाली, आम्हाला सोडून." शब्दाशब्दाने खरं वाक्य. मुलाने रागाच्या भरात ते पक्षीप्रेमींच्या गटात लिहिलं, इतरांनी ते पुढे पाठवलं. मी वाचलं आणि गप्प बसलो. पुढच्या हंगामात तेजरामकडे कुणी फिरकलं नाही.

सुमनने मला एकदाच विचारलं, "कधी सांगणार?" त्यानंतर आम्ही दोघं त्या गावी गेलो. तेजराम खाली मैदानी मुलखात कुठल्याशा कारखान्यावर रखवालदार होता. त्याच्या बायकोने चहा दिला, सुमनला अक्रोड बांधून दिले, आणि बाबूजी आठवण ठेवून आले म्हणून डोळे पुसले. मी चहा प्यायलो आणि परत आलो.

देवाने मला त्या कड्यावरून मागे ओढलं, त्याबद्दल मी रोज कृतज्ञ आहे. शरण जाणं म्हणजे डोळे मिटून नाव घेणं, असं मला त्या झाडावर बसून वाटलं होतं. ती सुरुवात होती. ज्याच्या पायाशी जायचं, त्याच्यापुढे आपला खोटेपणाही ठेवावा लागतो, आणि तो मी खिशातच ठेवला. मुलाला मी काल सगळं सांगितलं. त्याने गटात जे लिहिलं होतं, त्याच्याखाली आज हे सगळं माझ्या नावाने जाईल. तेजरामचा नंबर अजून मिळालेला नाही. मिळेल तेव्हा म्हणायचं ते असं आहे:

तेजराम, तू आम्हाला सोडून गेला नव्हतास. मी तुला खोटं बोलून पाठवलं होतं. त्या संध्याकाळी हात मी जोडायला हवे होते. मला माफ कर.