मंत्री जेवले का?

काळजीचं एक बरं असतं. चालू असते तेव्हा जीव खाते आणि संपली की मागे किस्से ठेवून जाते. आत्ता नवरा समोर बसून भेंडी पुसतोय, म्हणून मी हे हसत लिहू शकते.

पार्श्वभूमी एवढीच. मंदारचं जहाज मदतीचा गहू घेऊन निघालं आणि दोन शेजारी देशांच्या भांडणामुळे सामुद्रधुनीच्या अलीकडेच नांगर टाकून थांबलं. सव्वा महिना! जहाजावर माणसं भरणारा एजंट आमच्या पनवेलचाच, त्यामुळे जहाजावर आमच्याकडचे तिघे : मंदार इंजिनियर, रुबीनाचा नवरा खानसामा आणि यमुनामावशींचा मुलगा डेकवर. मावशी उरणकडच्या, पनवेलच्या बाजारात मासळी विकतात. तिघींचा मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप. त्यात राज्यशास्त्रात एमए झालेली मी एकटीच, त्यामुळे बातम्यांचा अर्थ लावायचं खातं आपोआप माझ्याकडे आलं.

* * *

कंपनीची रोज ईमेल यायची : ‘सर्व कर्मचारी सुखरूप. मनोबल उत्तम. आम्ही परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत.’ मी ती मोठ्यांदा तीनतीनदा वाचायचे.

एक दिवस प्लेस्कूलमधून टीचरचा फोन. “इरा डबा संपवत नाहीये. विचारलं तर म्हणते, मी परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे.”

इरा चार वर्षांची आहे. त्या दिवसापासून मी ईमेल मनात वाचायला लागले.

* * *

रुबीनाचा ईमेलवर काडीचा भरवसा नव्हता. “ताई, मनोबल वगैरे सोड. माझ्या मियाँनी काल काय पकवलं ते ऐक. बिर्याणी. म्हणजे राशन आहे, गॅस आहे, आणि खाणाऱ्यांना भूक आहे.”

“आणि खिचडी केली तर?”

“तर मग घाबरू आपण. तोवर उगाच कशाला?”

पुढे एका रविवारी खिचडी झाली. मी दिवसभर देवापुढे बसून. संध्याकाळी खुलासा आला : कॅप्टनचं पोट बिघडलं होतं.

* * *

मध्येच आमची बातमी गायब झाली आणि चॅनेलवर हवामान परिषद सुरू झाली. मी बाजारात मावशींच्या पाटीशेजारी उभी राहून मोबाइलवर चरफडत बघत होते. मावशी वाकून बघायला लागल्या.

“ही कसली बैठक गो बाय?”

“समुद्राचं पाणी वाढतंय ना मावशी, त्यावर काय करायचं ते ठरवताहेत. एका शब्दावर अडलंय म्हणे दोन दिवस.”

मावशींनी सुरमईचा तुकडा पाडला. “आमच्या बांधावरून दर्या तीन वेला आत आला. त्यानी कोनाला शब्द नाय इचारला.”

* * *

माझी सगळ्यात मोठी चूक दोन्ही देशांच्या मंत्र्यांच्या बोलण्यांच्या पहिल्या फेरीनंतरची. संयुक्त निवेदन आलं : ‘चर्चा मोकळ्या वातावरणात, फलदायी झाली.’ मी तासाभरात सोसायटीत पेढे वाटले. रुबीनालाही दिले. मावशींकडे बॉक्स घेऊन गेले, तर त्यांनी हात मागे घेतला.

“जेवली का ती लोकां?”

“कोण?”

“मंत्री. एका पंगतीत बसली का?”

मी म्हटलं, तसं काही छापलेलं नाही. विमानाची वेळ झाली म्हणून निघाले.

“मंग ऱ्हऊ दे पेढा. लग्नाच्या बैठकीत बग, जमनार असला का मान्सा जेवाला थांबतान. नाय जमनार असला का ‘गाडी हाय’ सांगून उठतान. वर बोलतान, पोरगी लय चांगली हाय तुमची.”

दुसऱ्या दिवशी बोलणी फिसकटल्याची बातमी आली. खालच्या मजल्यावरच्या काकू अजून मला विचारतात, ते पेढे नक्की कशाचे होते?

* * *

शेवटच्या फेरीला निवेदनच आलं नाही. हस्तांदोलन नाही, फोटो नाही, पत्रकार परिषद रद्द. मी संपलेच. टीव्ही बंद करून मावशींना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

“जेवली का?” मावशी.

मी बातमी पुन्हा उघडली. अगदी खाली एक ओळ होती : यजमानांच्या दुपारच्या मेजवानीला दोन्ही शिष्टमंडळं हजर. “जेवले मावशी. दोन तास बसले होते.”

“गोड खाल्ला का?”

एमएच्या दोन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. अर्धा तास शोधलं. शेवटी तिथल्याच एका पेपरात मेजवानीचा धूसर फोटो सापडला. दोन्ही मंत्र्यांसमोर वाट्या. झूम केलं. रिकाम्या.

“खाल्लं, मावशी. दोघांनीही.”

“बरा,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बातमी फुटली : मदतीच्या जहाजांना वाट मोकळी. रुबीना फोनवर नुसती रडत होती. मी इराला कडेवर घेऊन रिक्षाने बाजार गाठला. मावशींना मीच आधी सांगणार होते.

त्यांची जागा रिकामी. शेजारच्या कोळणीने कोळंबी सोलता सोलता मान वर केली.

“यमुना? ती सकालपासून आलीच नाय. लेकाची गादी उन्हात टाकाची हाय, बोलली.”