खुंटावरचा जीव

काटोलच्या सडकेवर मनोहररावांची संत्र्याची बाग होती आणि मारोतराव तिथं पंचवीस वर्षं माळी होते. झाड मेलं की जिवंत आहे, हे ते अंगठ्याच्या नखानं साल खरवडून सांगत. आत हिरवं दिसलं तर आहे, तपकिरी दिसलं तर गेलं. त्यांच्या शब्दावर मालक झाड ठेवत किंवा खणून काढत.

१९३२ साली बहारासाठी, म्हणजे झाडं एकदम फुलावीत म्हणून, त्यांचं पाणी तोडलं, तेव्हा सडकेकडच्या कोपऱ्यात मातीखाली लगेच मुरूम लागतो, ओल टिकत नाही, हे मारोतराव विसरले. सगळ्या बागेला दिला तेवढाच ताण त्यांनी त्या कोपऱ्यालाही दिला. माघात पाणी सोडल्यावर बाग फुलली. कोपऱ्यातलं एक झाड वाळकंच उभं राहिलं. नेमकं तेच, लग्नाच्या वर्षी जंबेरीच्या, म्हणजे आंबट रानलिंबाच्या, रोपावर संत्र्याचा डोळा बांधून त्यांनी लावलेलं पहिलं झाड. मूलबाळ झालं नाही. त्यांची बायको गोपिकाबाई त्या झाडाला थोरला म्हणत.

येत्या सोमवारी ते झाड खणायचं की नाही, हे मालकांनी मारोतरावांवर सोपवलं.

मारोतरावांनी फांद्या खरवडल्या, खोड खरवडलं. सगळं तपकिरी. पण डोळा बांधल्या जागेच्या खाली, जंबेरीच्या खुंटातून, बोटभर कोंब निघाला होता. असे कोंब संत्र्याचा रस ओढतात म्हणून ते दरवर्षी खुडून फेकत.

रविवारी दत्तोपंत फुललेली बाग बघायला आले. ते कॉलेजात शास्त्र शिकवत. शास्त्रात जिवंत कशाला म्हणतात, असं मारोतरावांनी त्यांना विचारलं. दत्तोपंतांनी बोटं मोजत सांगितलं: जे खातं, वाढतं, श्वास घेतं, आपल्यासारखं दुसरं निपजवतं.

"चुलीतला इस्तव बी खाते, वाढते. हवा नाही भेटली तर इझते," मारोतराव म्हणाले. "अन् खेचराले पिल्लू होत नाही. मले बी नाही. मंग मी कशात बसतो, मास्तर?"

दत्तोपंत ओशाळले. कुठलीही व्याख्या केली तरी काहीतरी बाहेर राहतं, नको ते आत येतं, अजून कोणाला नीट जमलेलं नाही, असं ते म्हणाले.

"मंग पोरायले काय शिकवता?"

"हीच यादी. पाठ करून घेतो."

दुपारी भाकरी घेऊन आलेल्या गोपिकाबाईंनी कोंब पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. तो आपला नव्हे, जंबेरीचा आहे, असं मारोतरावांनी समजावलं.

"मुळं कोनाची हायेत?"

"जंबेरीची."

"पयल्यापासून?"

"पयल्यापासून."

"मंग थोरल्याले इतके दिवस जगवलं कोनं?"



सोमवारी मालक कुदळीवाले गडी घेऊन आले आणि त्यांनी मेलं का, म्हणून विचारलं.

"वरचं गेलं, मालक. खालचं हाय," मारोतराव म्हणाले. "त्यातलं झाड कोनतं, ते मले समजून नाही राहिलं."

मनोहररावांना पंचवीस वर्षांत असं उत्तर मिळालं नव्हतं. ठरलं की सांगा, म्हणून ते गड्यांना घेऊन विहिरीकडे गेले. मारोतराव खुंटापाशी उकिडवे बसले. त्यांचं काही ठरायच्या आत गोपिकाबाईंनी घागर आणून आळ्यात ओतलीसुद्धा.