ब्लाझेनाची खुर्ची

माझी मामेबहीण ब्लाझेना एका फेब्रुवारीत बर्फावर सायकल घसरून पडली. डोक्याला मागून मार लागला. टाके घातले, आठवडाभर अंथरुणात होती, मग पुन्हा पोस्टाची पिशवी अडकवून गावभर फिरू लागली. सगळ्यांना वाटलं, निभावलं. पण त्या दिवसापासून तिला कसलाच वास येत नव्हता. हे फक्त तिच्या नवऱ्याला, सिरिलला ठाऊक होतं. त्याला तरी कसं कळलं? चुलीवर दूध करपून घरभर धूर झाला, आणि ही तिकडे पाठ करून निवांत बटाटे सोलत बसलेली.

पोस्टातल्या बाईचं नाक गेलं तर गावाचं काय अडलं? पण ब्लाझेना आमच्या वाईनच्या परीक्षक मंडळावर होती. दर वसंतात, जर्दाळूचा बहर ओसरला आणि वेलींचे डोळे फुटू लागले की वाईन मुरवायची तळघरं असलेली गावातली सगळी मंडळी आपापली बाटली गावच्या हॉलवर आणून देतात. शनिवारी परीक्षक चाखतात, रविवारी दारं उघडतात आणि ब्रनो शहरातून पाहुण्यांची जत्रा लोटते. ब्लाझेनाने कित्येक वर्षं त्या हॉलच्या मागच्या खोलीत पाव कापले होते. आत जायची तिची धडपड साऱ्या गावाने पाहिली होती.

"बायकांच्या नाकात पावडर आणि कांदा," मंडळाचा प्रमुख अलोइस कुद्लाचेक म्हणायचा, "वाईनला जागा कुठे उरते?"

शेवटी, सायकलवरून पडण्याच्या दोन वर्षं आधी, तिला खुर्ची मिळाली. त्या टेबलावर बसलेली ती पहिली बाई.

"आजारी आहे म्हणून कळव," सिरिल त्या वसंतात चाखण्याच्या आदल्या दिवशी तिला म्हणाला होता.

"एकदा आजारी पडले की खुर्ची गेलीच. आणि माझ्यामागून दुसऱ्या कुणा बाईला ते उंबरा ओलांडू देणार नाहीत."

"आणि पकडली गेलीस तर?"

"जीभ शाबूत आहे माझी. आंबट, गोड, कडू कळतं."

यातलं मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. त्या शनिवारी मी परीक्षकांच्या टेबलावर वाईन ओतायला होते. खिडक्या उघड्या होत्या, बाहेर लख्ख ऊन आणि तळघरांच्या भिंतींना नुकताच दिलेला चुना. आत मात्र चर्चसारखी शांतता. टेबलाशी चौघं: कुद्लाचेक, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा वीत, निवृत्त होलुब गुरुजी आणि ब्लाझेना. बाटल्यांवर नुसते आकडे, कुणाची कुठली ते कुणालाच माहीत नाही.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. ब्लाझेना ग्लास हलवायची, नाकाशी न्यायची, डोळे मिटायची. पण मार्क लिहायच्या आधी तिची नजर दर वेळी कुद्लाचेकच्या तोंडाकडे जायची. वाईन आवडली की त्याची डावी भुवई वर जाते, हे मलाही माहीत होतं.

त्यालाही ते जाणवलं. "ब्लाझेना, आज सारखी माझ्याकडेच बघतेस. सिरिलला कळवू का?"

वीत फिदीफिदी हसला. ब्लाझेनाही हसली, पण तिच्या मानेवर लाल चट्टे उठलेले मला दिसले. त्यानंतर तिने मान वर केली नाही. ग्लासाचा दांडा तिने इतका घट्ट धरला होता की मला वाटलं, आता मोडतो.

मग वेल्टलिन नावाच्या पांढऱ्या वाईनची बाटली आली. ओतताना मीच नाक मुरडलं. कुजक्या अंड्याचा भपकारा. मी तोंड मिटून चारही ग्लास भरले. वीतने ग्लास नाकाशी नेला आणि लगेच दूर धरला. होलुब गुरुजींनी रुमाल काढला. ब्लाझेना खाली मान घालून बसलेली. तिने ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले, एक घोट घेतला, जिभेवर घोळवला. मार्क लिहून मग आळीपाळीने मोठ्याने सांगायचे असतात. या बाटलीला नेमकी तिचीच पाळी पहिली.

"अठरा," ती म्हणाली.

वीसपैकी अठरा. बाहेर कुणाच्या तरी सायकलची घंटी वाजली. ब्लाझेनाने मान वर केली आणि तिघांची तोंडं पाहिली.

कुद्लाचेक खुर्चीत मागे रेलला. "सांग तर खरं. नाकाला काय लागलं तुला? सफरचंद? बाभळीचं फूल?"

मला वाटलं, काहीतरी थट्टा करून सुटेल. जीभ तिखट आहे तिची. पण तिने ग्लास खाली ठेवला.

"काहीच नाही," ती म्हणाली. "मला वास येत नाही. फेब्रुवारीत पडले तेव्हापासून."

"म्हणजे सकाळपासून..." वीत म्हणाला.

"सकाळपासून."

कुद्लाचेक हसेल, ओरडेल, 'म्हटलं नव्हतं?' म्हणेल, असं मला वाटलं. तो उठला आणि त्याने आधी हॉलचं दार लावलं, मग खिडक्या.

"हे या टेबलाबाहेर जायचं नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "ब्लाझेनाला चक्कर आली, ती घरी गेली. तिचे मार्क आहेत तसेच राहू द्या. निकाल आज छापायला जायचाय. उद्या अर्धं ब्रनो येणार आहे."

"नाही," ब्लाझेना म्हणाली. "मी चांगल्या वाईनला खाली ओढलं असेल. लोक वर्षभर राबतात, अलोइस. माझे मार्क काढा आणि सगळं पुन्हा चाखा."

"तीन जणांनी?"

"चौघांनी. माझ्या खुर्चीत मारकेताला बसवा."

मारकेता म्हणजे वरच्या आळीतली द्राक्षं पिकवणारी, तिशीची. बापामागे वेली एकटीने सांभाळणारी. तिची बाटली त्या वर्षी नव्हती, गारपिटीने पीक गेलं होतं.

"पुन्हा बाई? आजच्या तमाशानंतर?"

"नाक माझं गेलंय. बायकांचं नाही. आणि तुम्ही झाकलंत तर उद्या हॉलमध्ये उभी राहून मीच सांगेन."

"धमकी देतेस?"

"देते."

मत घ्यायचं ठरलं. वीतने मारकेतासाठी हात वर केला. कुद्लाचेकने विरुद्ध. उरले होलुब गुरुजी. ते चष्मा पुसत बसले. काच पुसून झाली, दुसरी पुसली, परत पहिली. ब्लाझेना उभीच होती, एका हाताने टेबलाची कड धरून.

"अलोइस," गुरुजी शेवटी म्हणाले, "हिच्या जागी तू असतास तर बोलला असतास का? मी नसतो बोललो." आणि त्यांनी हात वर केला.

मारकेताला मळ्यातून बोलावून आणलं, बुटांना चिखल तसाच. दिवे लागेपर्यंत सगळ्या बाटल्या पुन्हा चाखल्या गेल्या. ब्लाझेना तोवर थांबली नाही, घरी निघून गेली.

रविवारी ती पाव कापायला उभी राहिली, त्याच मागच्या खोलीच्या दाराशी, जिथे पुन्हा कधी उभी राहणार नाही असं ती खुर्ची मिळाल्यावर म्हणाली होती. बातमी गावभर झालेली. कुणी टोमणा मारला, कुणी नजर चुकवली. एकीने येऊन तोंडावरच विचारलं, "माझ्या रिझलिंगला तू आधी किती दिले होतेस?"

"अकरा."

"आणि आता सतरा मिळालेत!"

"मग मी बोलले ते बरंच झालं म्हणायचं."

त्या बाईला हसावं की भांडावं कळेना. पावाचा तुकडा घेऊन ती गेली.

दुपारी गर्दी अंगणात पसरली. पाहुणे बाकांवर ऊन खात, ग्लास उंच धरून रंग बघत होते. तेव्हा कुद्लाचेक आला. त्याने चरबी आणि कांदा लावलेला पाव उचलला, खाल्ला, आणि तिथेच रेंगाळला.

"काहीच येत नाही?" त्याने विचारलं.

"नातवाच्या डोक्याचा वास येत नाही," ब्लाझेना म्हणाली. "वाईनचं सोड."

त्याने आणखी एक तुकडा उचलून चावला. मग म्हणाला, "कांदा जरा जास्त झालाय."

"असेल. मला काय कळतंय?"

आधी तो हसला, मग ती. मी मात्र आत जाऊन उगाच पाव शोधत बसले, कारण माझे डोळे भरून आले होते.

याला आता तीन वसंत झाले. तिला थोडा थोडा वास येतो, पण वाकडा. कॉफी जळक्या रबरासारखी लागते, गुलाब साबणासारखा. डॉक्टर म्हणतात, एवढ्यावर समाधान माना. मारकेता टेबलावर बसते आणि कुद्लाचेकशी कडाकडा भांडते. ब्लाझेनाने यंदा पाव कापले नाहीत. ती आणि सिरिल तळघरापुढच्या बाकावर दिवसभर बसले होते. येणारे-जाणारे पाहुणे तिला विचारायचे, "चांगली कुठली?" आणि ती म्हणायची, "जी तुम्हाला दुसरा ग्लास मागायला लावेल ती. सांगा मला प्यायल्यावर, कसा वास होता."