धुराड्यातल्या नळ्या काढल्या तो दिवस

दिवाळीच्या सुट्टीत मी घाटंजीजवळच्या आमच्या गावी गेले, तेव्हा आई आणि वहिनी स्वयंपाकघरातलं धुराडं मोकळं करायच्या तयारीत होत्या. आमच्याकडे गॅस आहे, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी अजून चुलीवरच. चुलीमागच्या भिंतीतून धूर वर नेणाऱ्या, कुंभाराने भाजून दिलेल्या मातीच्या नळ्या तडकल्या होत्या आणि धूर घरातच फिरत होता. त्या काढून पत्र्याचा पाईप बसवायचा होता.

लिहायला संकोच वाटतो, पण त्या दिवशी मला वहिनीचा फार हेवा वाटत होता. तिचं लग्न होऊन दोनच वर्षं झाली होती. आई न बोलता हात पुढे करायची आणि वहिनी नेमकी हवी ती वस्तू त्या हातात ठेवायची. कधी विळा, कधी ओलं फडकं. पूर्वी ते मी करायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. यवतमाळला होस्टेलवर जाताना, घरातली माझी जागा रिकामी राहील असं मी उगाच धरून चालले होते.

ओढणी खोचून मी पुढे झाले, तर आई म्हणाली, "तू बस माय, कपडे खराब होतीन."

पाहुण्यांना बसवतात तसं.

वहिनी शिडीने कौलारू छपरावर चढली आणि तिने कवेलू बाजूला केले. नळ्या खाली सोडायला आई तिला दोर द्यायला अंगणात गेली. त्या वरून एक नळी काढेपर्यंत आपण खालून दोन काढू, असं मला वाटलं. मी लोखंडी सब्बलीने सगळ्यात खालच्या नळीचं लिंपण फोडलं आणि नळी ओढली. प्रत्येक नळी खालच्या नळीच्या तोंडात बसवलेली असते, तिच्याच आधाराने उभी असते. हे मला कळायला हवं होतं. वरच्या सगळ्या नळ्या एकदम कोसळल्या, सोबत चुलीत जाळलेल्या कपाशीच्या पऱ्हाटीची कित्येक वर्षांची काजळी. आईने आदल्याच दिवशी सारवलेली चूल मधोमध फुटली.

आई धावत आली. "लागलं का तुले?" मला एवढंच. मग शिडीवरून घाईने उतरलेल्या वहिनीकडे वळून म्हणाली, "तिले एकटं कायले सोडलं तुवा? तिले काय ठाऊक यातलं? तुले तं समजाले पाह्यजे."

वहिनी छपरावर होती, तिचा काय दोष? तरी ती 'चुकलं' म्हणाली आणि खापरं वेचू लागली. खरं तर मला तिच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. आईचं ते रागावणं आधी माझ्या वाट्याचं होतं, आता तेही तिला मिळत होतं.

संध्याकाळी आई नव्या चुलीची माती मळायला बसली. मी न विचारता शेजारी बसले आणि मातीत भुसा टाकला.

"एवढा भुसा टाकते का कोणी? डोकं कुठं हाय तुयं?"

दारातून वहिनी हसली. तिच्या गालावर अजून काजळी होती. "घ्या ताई, आता तुमची पाळी."

मी आईची नजर वळल्यावर आणखी एक मूठ भुसा टाकला.