चेनीला तिळाचं तेल

दर शनिवारी मामा अंगाला तिळाचं तेल चोळून घेत आणि वाटीत उरलेलं सायकलीच्या चेनीवर ओतत. सायकल साधीसुधी नव्हे, बॅटरीवर चालणारी, डोंगरात हिंडायची. त्यांचा मुलगा चेन्नैला गेला तेव्हा मागे ठेवलेली. ती चेन पाहून मी कपाळाला हात लावी. "मामा, हे तेल चिकट होतं. त्यावर वाळू बसते." मामा म्हणत, "कसाला चिंता करतीस, पोरी? जन्मभर मला हेच तेल. माझा एक सांधा तरी कुरकुरला का?" दोन्ही गुडघे कामातून गेले होते, पण ते बोलायची सोय नव्हती.

त्या गुडघ्यांमुळेच तर ती सायकल लागत होती. मामा कुंभकोणमला, आम्ही तिरुवलंचुळीला. माझी आई, म्हणजे त्यांची अक्का, पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेली. माझ्या हातचे दोन घास घेऊन ती तोंड फिरवी. मामा येऊन उशाशी बसले आणि "अक्का, सार कसं झालंय पाहू" म्हणाले, की ताट मुकाट्याने संपवी. म्हणून मामा रोज दुपारी येत. बसची पायरी त्यांना चढवत नसे, आणि ऑटोचं नाव काढलं की डाफरत, "अक्काच्या घरी मी पाहुणा की काय?"

अरसलार नदीच्या काठचा तो रस्ता म्हणजे नुसते खड्डे. खड्ड्यात चेन उडे आणि सांगाड्याच्या, मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर आपटे. रंग उडाला, तेही एक वेळ चाललं असतं. पण तेल-वाळूने माखलेली चेन पुढच्या चक्राचे दाते सोडत नसे. चक्राबरोबर वर ओढली जाऊन नळीशी अडकून बसे. साध्या सायकलीवर पाय अडतो, माणूस थांबतो. इथे मोटर आपली जोर लावतच राही आणि चेन नळीला करवतीसारखी कापी. "अडकली की पाय थांबवा, मामा. जरा उलटा पायडल मारा," मी जीव तोडून सांगे. "मी थांबलो तर अक्काचं जेवण थांबेल," मामा म्हणत.

एकदा आईपाशी बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. मी रॉकेलने चेन लख्ख पुसली, दुकानातलं पातळ तेल थेंब थेंब घातलं आणि नळीला जुन्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळली. उठून पाहतात तो काय, दसऱ्याच्या आयुधपूजेला ज्या नळीवर त्यांनी चंदन-कुंकू लावलेलं, तिच्यावरच पट्टी! "अय्यो! पूजेच्या जागेला फाटकं रबर बांधलंस?" तिथल्या तिथे त्यांनी पट्टी उपटून काढली. पुढच्या शनिवारी पुन्हा वाटी, पुन्हा तेल. पालथ्या घड्यावर पाणी! मी संतापाने रडले.

शेवटी पुलाच्या चढावर व्हायचं तेच झालं. चेन अडकली, मामांनी पाय थांबवले नाहीत, मोटरने ओढलं आणि कापून कापून पातळ झालेली नळी तडकली. मामा पडले. फारसं लागलं नाही. सायकलवाला मामांना म्हणाला, "चेन नवी घालून देतो, अय्या. या नळीला मात्र इलाज नाही." मुलगा धावत आला तो वडिलांना चेन्नैला घेऊनच गेला. निघताना मामांनी आईचे पाय दोन्ही हातांनी धरले. "अक्का, जेवत जा हं," एवढंच म्हणाले. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि तरी वाटत होतं, गाडीपुढे आडवं पडावं.

आता दुपारी त्यांचा फोन येतो. मी तो आईच्या कानाशी धरते. ती भिंतीकडे तोंड फिरवते. मग मीच बोलते.

"जेवली का अक्का?"

"हो मामा. अस्क जेवली. काही ठेवलं नाही."

"बघ," मामा खूश होऊन म्हणतात, "तिला नीट सांगावं लागतं, बस्स. तुम्हा पोरांना धीर म्हणून नाही."

मी "हो" म्हणते, फोन ठेवते आणि भरलेलं ताट झाकून ठेवते.